कालव्याचं दप्तर

२७ सप्टेंबर २०१८ रोजी पुण्यात जनता वसाहतीजवळ मुठा उजवा कालवा फुटला आणि दांडेकर पुलालगतच्या घरांत भरदिवसा पाणी घुसलं. मग खापर फुटलं ते उंदीर, घुशी आणि खेकड्यांच्या डोक्यावर. त्यांनी भराव पोखरला असेलही. पण या कालव्यात भराव कुठे, खोदाई कुठे, कुठल्या साली कुठे पाझर लागला आणि तो कशानं बुजवला, हे सांगू शकेल असा साक्षीदार एकच, कालव्याचं दप्तर. चर्चेत खेकडेच जास्त होते.

दख्खनच्या कालव्यांचं हे दप्तर जवळजवळ दीडशे वर्षांचं आहे. खडकवासल्याचं धरण १८७९च्या सुमारास पुरं झालं; अभियंते कर्नल फाइफ यांच्या नावावरून जलाशयाला ‘लेक फाइफ’ म्हणत. त्याच १८७९ साली मुंबई पाटबंधारे कायदा आला, १८८५मध्ये नीरा डावा कालवा वाहू लागला, पुढे दारणा झालं, भंडारदरा झालं. धरण बांधताना कागद होतात ते एकदाच. कालवा चालवताना ते रोज होतात.

यातला भारदस्त भाग सुखरूप आहे. सरकारी ठराव, सचिवांचे शेरे, वार्षिक अहवाल मुंबईला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या पुराभिलेखागारात सापडतात, आणि विलायतेला गेलेलं दप्तर ब्रिटिश लायब्ररीत. संशोधकही तिथेच जाऊन बसतात. त्यामुळे आपल्या कालव्यांचा इतिहास बराचसा साहेबाच्या टेबलावरून लिहिला गेला. पाटकऱ्याच्या बाजूचा इतिहास उपविभागाच्या कपाटात पडून राहिला. गेजची रजिस्टरं, शेजपाळीचे (पाण्याच्या पाळ्यांचे) तक्ते, पाणीअर्ज, चाऱ्यांचे नकाशे, गळतीच्या नोंदी, असा तो ऐवज.

गेजची वही दिसायला अगदी दरिद्री. तारीख, वेळ, कालव्यातल्या पट्टीवर पाणी किती फुटांवर होतं तो आकडा, आणि सही. या आकड्यावरून क्युसेक काढायचे तर त्या जागेचा विसर्ग-तक्ता लागतो. कालव्यात गाळ बसला, गवत माजलं किंवा अस्तर झालं, की पट्टीवरच्या त्याच अडीच फुटांना वेगळंच पाणी वाहतं आणि तक्ता नव्यानं करावा लागतो. म्हणजे १९३० सालची वही वाचायला १९३०चाच तक्ता हवा, शिवाय पट्टी कुठल्या मैलावर होती ते दाखवणारा नकाशा. वही एका कपाटात, तक्ता दुसऱ्या कचेरीत आणि नकाशा आरेखन शाखेत गेला, की तिन्ही कागद शाबूत असूनही हाती काही लागत नाही. जुन्या कागदांचा विषय निघाला की आपण वाळवीला शिव्या घालतो. ही ताटातूट वाळवीइतकीच वाईट, आणि ती माणसं करतात.

विश्वेश्वरय्यांचं नाव निघतं ते खडकवासल्याच्या १९०३च्या स्वयंचलित दरवाजांसाठी. मला त्यांची नीरेवरची ब्लॉक पद्धत जास्त मोलाची वाटते. गावातली भिजणारी जमीन सलग गटांत बांधायची, ऊस ठरलेल्या हिश्श्यापुरताच, बाकी दुसरी पिकं, आणि तीही फिरवत ठेवायची. तरीही बारमाही पाण्यानं नीरा खोऱ्यातल्या जमिनी चिबडल्या, खार वर आला. दख्खनच्या कालव्यांवरच्या अशाच प्रश्नांसाठी मुंबई सरकारनं १९१६मध्ये सिंचनाचा खास विभाग काढला. खडकवासल्याचं आजचं केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्र त्यातूनच वाढलं. आज क्षारपड जमीन कुठे आहे ते उपग्रह दाखवतो. ती केव्हापासून बिघडली हे मात्र या गटांच्या जुन्या ब्लॉक नकाशांनाच विचारावं लागतं.

नकाशे जपायचे तर ते कशावर काढलेत ते आधी बघावं. जुने मूळ आराखडे ट्रेसिंग क्लॉथवर असत, म्हणजे खळ चढवून गुळगुळीत केलेल्या तलम कापडावर. पाण्याचा थेंब पडला की त्याचा पारदर्शकपणा तिथल्या तिथे जातो, आणि खळीवर कसर तुटून पडते. ब्लू प्रिंटचा निळा उजेडात उडतो, अंधारात ठेवला तर थोडाफार परततो. पण इतर जुन्या कागदांना मानवणारी अल्कधर्मी वेष्टनं त्याला बाधतात. अमोनिया प्रिंट काळानं फिकटते आणि शेजारच्या कागदालाही बिघडवते, तेव्हा तिला वेगळं बसवावं. आणि फाटलेल्या घडीला सेलोटेप चिकटवणाऱ्याला त्याच कपाटात कोंडावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

इंग्लंडात एल्समीर पोर्टला कालव्यांचं मोठं अभिलेखागार आहे. तिथे जपलेल्या ऐवजात मालवाहू नावांचे तक्तेही आहेत. नावेचा काठ पाण्यावर किती इंच उघडा राहिला ते मोजून आत किती टन माल आहे ते ठरवत, आणि त्यावर जकात. हा कागदही कारकुनीच, गेजच्या वहीच्याच जातकुळीचा. तो मोलाचा आहे हे तिकडे वेळेत कुणाच्या तरी लक्षात आलं.

आपल्याकडे कायदा नाही असं म्हणायची सोय नाही. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम २००५चा आहे. अडचण वर्गवारीत आहे. अ, ब, क, ड अशी कागदांची प्रतवारी होते. ‘अ’ कायमचा, ‘ड’ वर्षभराचा पाहुणा. ही प्रतवारी कागदाचा कचेरीला उपयोग किती, यावर ठरते. पाणीपट्टी वसूल झाली की पाणीअर्जाचं काम संपलं. कुठल्या गटात कुठलं पीक होतं, पाणी कुणी मागितलं, मंजूर किती झालं आणि टेलचा, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाचा, शेतकरी कोरडा राहिला का, हे याच अर्जांवरून कळतं. कचेरीला याची गरज नसते, म्हणून निदान दर दहा वर्षांतलं एक वर्ष तरी एका वितरिकेपुरतं सबंध राखावं: अर्ज, गेज, तक्ता, नकाशा एकाच गठ्ठ्यात. याला फार तर एक कपाट पुरेल.

दरम्यान दप्तर सरकारी कपाटाबाहेरही तयार होऊ लागलं आहे. नाशिक जिल्ह्यातल्या वाघाड प्रकल्पावर १९९०च्या दशकापासून शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्था उभ्या राहिल्या, आणि त्यांच्यासाठी २००५मध्येच झालेल्या वेगळ्या कायद्यानं ही रीत राज्यभर नेली. संस्थेला पाणी मोजून मिळतं, म्हणजे हिशोबाची वही आता गावातही भरली जाते. या वह्यांना ‘ड’ वर्गाची भीती नाही. पण सचिव बदलला की त्यांची पेटी कुणाच्या घरी जाते, एवढं तरी संस्थेच्या इतिवृत्तात नोंदवून ठेवायला हवं.