संगणक जागा, कीबोर्ड मुका

सोलापूर-विजयपूर रस्त्यावरच्या मंद्रूपसारख्या गावात घरच्या लॅपटॉपवर भजनाचं रेकॉर्डिंग चालू असताना वीज गेली, की बॅटरी उतरत जाते आणि शेवटी विंडोज ‘हायबरनेट’ होतं. रॅममधला सगळा पसारा डिस्कवर लिहून यंत्र बंद होतं. काम वाचतं; गोची होते ती यूएसबीला जोडलेल्या ऑडिओ इंटरफेसची. त्याचा ५ व्होल्टचा पुरवठा तुटतो, त्यावर चालणाऱ्या कंडेन्सर माइकचे ४८ व्होल्टही जातात. पुन्हा सुरू केल्यावर विंडोज उपकरण नव्याने ओळखतं, पण रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर अनेकदा जुनीच जोडणी धरून बसतं. पडद्यावर ट्रॅक पळतो, आवाज नाही. मिडी कीबोर्डचीही तीच तऱ्हा.

आधी स्पीकरचा आवाज उतरवा, नाहीतर जोरात ‘टप्’ होतं. सॉफ्टवेअर बंद करा, केबल काढून लावा. जमलं नाही तर ‘रीस्टार्ट’. ‘शट डाउन’ नव्हे! २०१२च्या विंडोज ८पासून आलेलं ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल, तर शट डाउन हेही अर्धं हायबरनेशनच: ड्रायव्हरची स्थिती डिस्कवर जपली जाते, बिघाडासकट. कंट्रोल पॅनेलच्या ‘पॉवर ऑप्शन्स’मधून तेवढं बंद करता येतं, हायबरनेट शाबूत राहतं.