विश्लेषण : दोन वर्षांच्या मुलाला किती शब्द यायला हवेत? ते मोजायचे कसे?

‘मुलगे उशिराच बोलतात’, ‘याचा बापही तीन वर्षांचा झाल्यावर बोलला’, ‘वेखंड उगाळून चाटवा’... दीड-दोन वर्षांचे मूल बोलत नसेल तर असे सल्ले घरोघरी मिळतात. शेजारचे त्याच वयाचे मूल अखंड बडबडत असेल, तर आईवडिलांचा जीव आणखीच टांगणीला लागतो. उशिरा बोलणारी निम्म्याहून अधिक मुले पुढे इतरांच्या बरोबरीला येतात, हे खरे आहे. मात्र काहींना ऐकूच कमी येत असते आणि त्यांच्यासाठी वाट पाहण्यात गेलेला प्रत्येक महिना महागात पडतो. हा फरक लवकर लक्षात यावा यासाठी घरच्या घरी ठेवलेली शब्दांची नोंद उपयोगी पडते.

कोणत्या वयात किती शब्द?

पहिला अर्थपूर्ण शब्द साधारण वर्षाच्या आसपास येतो. अमेरिकेच्या ‘सीडीसी’ या आरोग्य संस्थेने २०२२ मध्ये बालविकासाचे टप्पे सुधारले. किमान ७५ टक्के मुले त्या वयात जे करतात, ते या यादीत आहे. त्यानुसार १५ महिन्यांचे मूल ‘आई’, ‘बाबा’ वगळता एक-दोन शब्द, तर १८ महिन्यांचे मूल तीन किंवा अधिक शब्द बोलण्याचा प्रयत्न करते. दोन वर्षांचे मूल ‘आई ये’, ‘दूध दे’ असे दोन शब्द जोडते आणि अडीच वर्षांपर्यंत सुमारे ५० शब्द येतात. ही सरासरी नव्हे. बहुतेक मुले गाठतात तो टप्पा आहे.

वाचातज्ज्ञ आणखी एक निकष पाहतात. मानसशास्त्रज्ञ लेस्ली रेस्कोर्ला यांनी १९८९ मध्ये ३१० शब्दांची तपासणी यादी प्रसिद्ध केली. दोन वर्षांच्या मुलाकडे ५० पेक्षा कमी शब्द असतील किंवा ते दोन शब्द जोडत नसेल, तर त्याला ‘उशिरा बोलणारे’ मानावे, असा हा निकष आहे.

शब्द नेमका कोणता धरायचा?

उच्चार शुद्ध असण्याची गरज नाही. एकाच गोष्टीसाठी मूल दर वेळी स्वतःहून तोच आवाज वापरत असेल, तर तो शब्द धरावा. पाण्याला नेहमी ‘पापा’ म्हणत असेल तर तो एक शब्द झाला. ‘भूभू’, ‘माऊ’, ‘हम्मा’, ‘मंमं’, ‘भूर’ हेही शब्दच. मात्र ‘म्हण बघू’ म्हटल्यावर केलेली नक्कल किंवा अर्थ न कळता म्हटलेली बडबडगीताची ओळ मोजू नये.

घरात ‘पाणी’ आणि पाळणाघरात ‘वॉटर’ म्हणत असेल, तर दोन्ही मोजावेत. दोन भाषांमुळे मूल उशिरा बोलते, हा समज चुकीचा आहे. फक्त एकाच भाषेतले शब्द मोजले, तर आकडा फसवा निघतो.

नोंद कशी ठेवावी?

फ्रिजवर लावलेला कागद किंवा मोबाइलमधील नोंदवही पुरते. शब्द, तो कशासाठी वापरला आणि तारीख इतके लिहावे. माणसे, खाणे, प्राणी, क्रिया असे गट केले तर विसरलेले शब्द आठवतात. आजी-आजोबा आणि सांभाळणाऱ्या मावशींनाही विचारावे. त्यांच्याकडे मूल वेगळेच शब्द वापरत असते. पंधरा दिवसांतून एकदा यादी पाहावी. समजणाऱ्या शब्दांची नोंद वेगळी ठेवावी. बोट न दाखवता ‘चेंडू आण’ म्हटल्यावर मूल चेंडू आणते का, हे पाहावे. समज नेहमी बोलण्याच्या पुढे असते. तीच मागे असेल तर ते अधिक गंभीर मानले जाते.

शब्द वाढवायचे कसे?

मुलासमोर नुसते बोलत राहण्यापेक्षा त्याच्याशी संवाद हवा. मूल ज्याच्याकडे पाहते आहे, त्याचे नाव घ्यावे आणि काही क्षण थांबावे. त्याने ‘गाडी’ म्हटले की ‘हो, लाल गाडी गेली’ असे वाढवून सांगावे. ‘हे काय? ते काय?’ अशी परीक्षा घेण्यापेक्षा ‘केळं हवं की बिस्कीट?’ असा पर्याय द्यावा. भाजी निवडताना, आंघोळ घालताना, कपड्यांच्या घड्या करताना हे सहज होते. बोबड्या उच्चाराला हसू किंवा रागावू नये. आपण तो शब्द नीट उच्चारावा.

जेवताना हातात मोबाइल दिला की ही देवाणघेवाण थांबते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार एक वर्षाच्या मुलांसाठीही स्क्रीन योग्य नाही. दोन ते चार वर्षांपर्यंत दिवसाला एक तासापेक्षा जास्त नको.

कधी थांबू नये?

१२ महिन्यांपर्यंत बडबड नाही, बोट दाखवणे किंवा ‘टाटा’ करणे नाही. १६ महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही. दोन वर्षांपर्यंत स्वतःहून दोन शब्द जोडत नाही. नावाने हाक मारल्यावर वळत नाही. किंवा कोणत्याही वयात येत असलेले शब्द गेले, तर लगेच बालरोगतज्ज्ञांना दाखवावे.

अशा वेळी श्रवण चाचणी आधी करावी. ‘पातेले पडले की दचकतो, म्हणजे ऐकू येते’ हा निष्कर्ष धोक्याचा आहे. मोठा आवाज ऐकणाऱ्या मुलालाही बोलण्यातली हलकी व्यंजने ऐकू येत नसू शकतात. वारंवार कान फुटणे, कानात पाणी साचणे यानेही ऐकणे कमी होते. लहान मुलांसाठी ‘ओएई’ आणि ‘बेरा’ या वेदनारहित चाचण्या आहेत. त्यासाठी मुलाने उत्तर देण्याची गरज नसते.

मदत कुठे मिळते?

२०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा तपासणी होते. त्यात भाषाविकास आणि श्रवणदोषही पाहिले जातात. शंका असल्यास मुलाला जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवले जाते. मुंबईत वांद्रे येथे अली यावर जंग राष्ट्रीय संस्था वाक् आणि श्रवण क्षेत्रात काम करते. जाताना शब्दांची यादी सोबत न्यावी. तपासणीच्या खोलीत मूल अनेकदा गप्प बसते. ते घरी काय बोलते, हे तज्ज्ञांना त्या यादीवरून कळते.