दोन वर्षे, पाच वर्षे

१ जुलै २०२४ रोजी भारतीय न्याय संहिता लागू झाली, त्या आधी तिच्या कलम १०६ वरून देशभर ट्रकचालकांचा संप होऊन गेला होता. अपघात करून पळणाऱ्या चालकाला किती शिक्षा, हा त्या कलमाच्या दुसऱ्या पोटकलमाचा विषय. पहिल्या पोटकलमाकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. हयगयीने कोणाचा मृत्यू घडवल्यास पाच वर्षांपर्यंत कैद, पण ते कृत्य नोंदणीकृत वैद्यक व्यावसायिकाने उपचार करताना केले असेल तर दोन वर्षांपर्यंत, असे त्यात म्हटले आहे. असा व्यावसायिक म्हणजे कोण, हे खालच्या स्पष्टीकरणात आहे: २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्याने मान्य केलेली पदवी असलेला आणि वैद्यकीय नोंदवहीत नाव असलेला. परिचारिकाही नोंदणीकृत असते, पण तिची नोंदवही वेगळी. म्हणजे एकाच खाटेवरच्या एकाच रुग्णाला दिलेल्या एकाच इंजेक्शनात दोघांच्या हातून चूक झाली, तर ते लिहून देणाऱ्याला जास्तीत जास्त दोन वर्षे आणि टोचणारीला पाच. जुन्या दंड संहितेच्या कलम ३०४-अ मध्ये दोघांना दोनच वर्षे होती. हा भेद कोणी मुद्दाम केला असे मला वाटत नाही. डॉक्टरांसाठी सवलत लिहिताना परिचारिका कोणाला आठवली नाही, इतकेच. पण हे विसरणे या एका कलमापुरते नाही. परिचर्येविषयीचा आपला जवळजवळ सगळा कायदा, परिचारिका कोणाला म्हणावे हे बारकाईने सांगतो. तिने काय करावे, किती जणांसाठी करावे आणि चुकल्यास दोष कोणाकोणात वाटावा, याबद्दल त्याला फारसे बोलायचे नसते.

याची मुळे नोंदणीच्या कल्पनेतच आहेत. परिचारिकांच्या नोंदणीचा स्वतंत्र कायदा न्यूझीलंडने १९०१ मध्ये केला, इंग्लंडमध्ये तो यायला १९१९ उजाडले. मधल्या काळातल्या तिथल्या वादात नोंदणीच्या विरोधात उभ्या होत्या खुद्द फ्लॉरेन्स नाइटिंगेल. परीक्षा पास झाल्याचे नोंदवहीला कळते, रुग्णाच्या उशाशी ही बाई कशी वागते ते कळत नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. त्या हरल्या, आणि हरल्या ते बरेच झाले. नोंदणी नसती तर परिचर्या हा धंदा न होता मोलकरणीच्या कामाचाच एक प्रकार राहिला असता. पण त्यांच्या आक्षेपातला खरा भाग आपल्याकडे जसाच्या तसा उतरला. मद्रास प्रांताने १९२६ मध्ये कायदा केला, मुंबई प्रांताने १९३५ मध्ये. १९४६ च्या भोर समितीने देशात ४३,००० लोकांमागे एक परिचारिका असल्याचे दाखवून दिले आणि पुढच्याच वर्षी भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा आला. महाराष्ट्राचा सध्याचा कायदा १९६६ चा. या सगळ्यांचा भर एकाच गोष्टीवर: अभ्यासक्रम कोणता, संस्था मान्य की अमान्य, नोंदवहीत नाव आहे की नाही. त्या काळी तो भर योग्यच होता. मनुष्यबळच नव्हते, तेव्हा आधी ते घडवायचे होते.

वॉर्डातले वास्तव मात्र नोंदवहीच्या बाहेर घडते. शासकीय रुग्णालयात अधिपरिचारिका, तिच्यावर परिसेविका, सर्वांवर अधिसेविका, अशी उतरंड आहे आणि प्रत्येकीची कामे कागदावर वाटून दिलेली आहेत. पण रात्रपाळीत, डॉक्टर दुसऱ्या मजल्यावर किंवा फोनवर असताना, घसरत चाललेल्या रुग्णाला ऑक्सिजन वाढवून द्यायचा की वाट पाहायची, फोनवर सांगितलेली मात्रा तोंडी ऐकून द्यायची की केसपेपरवर सही होईपर्यंत थांबायचे, याचे बंधनकारक उत्तर तिच्या हाती कायद्याने दिलेले नाही. थांबली तर हयगय, पुढे गेली तर अधिकाराबाहेर. शिवाय अशा वेळी तिच्याकडे किती खाटा असाव्यात? महाराष्ट्रातील खाजगी रुग्णालयांना लागू असलेल्या १९४९ च्या नर्सिंग होम नोंदणी कायद्यात पात्र परिचारिकांचे ‘योग्य प्रमाण’ असावे असे शब्द आहेत. योग्य म्हणजे किती, ते मूळ कायद्याने सांगितले नाही. परिचर्या परिषदेच्या निकषांत आकडे आहेत: अध्यापन रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक, सामान्य रुग्णालयात पाचांमागे एक, अतिदक्षता विभागात एकास एक. पण ते निकष मोडणाऱ्या व्यवस्थापनाला कोणी तुरुंगात पाठवत नाही. आणि हा आकडा म्हणजे केवळ सोयीसवलतीचा प्रश्न नव्हे. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्याच्या १६८ रुग्णालयांतील शस्त्रक्रियेच्या रुग्णांचा लिंडा एकेन आणि सहकाऱ्यांनी अभ्यास केला, तो २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला की तीस दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते, असे त्यात दिसले. २०१४ मध्ये युरोपातील नऊ देशांच्या ३०० रुग्णालयांतून, चार लाखांहून अधिक रुग्णांच्या नोंदींतून, जवळपास तोच आकडा पुन्हा आला. अशा अभ्यासांतून कार्यकारण पक्के सिद्ध होत नाही, हे खरे. पण दोन खंडांत, बारा वर्षांच्या अंतराने तोच आकडा यावा, याला निव्वळ योगायोग म्हणायला मन धजत नाही.

न्यायालयांना हे उमगलेले नाही असे नाही. स्प्रिंग मेडोज रुग्णालयाच्या १९९८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयापुढे एका लहान मुलाचे प्रकरण होते. शिरेतून दिलेल्या इंजेक्शनाने त्याचे हृदय बंद पडले आणि मेंदूला कायमची इजा झाली. इंजेक्शन देणारी बाई कोणत्याही राज्याच्या परिषदेत नोंदलेली नव्हती, आणि डॉक्टरने स्वतः द्यायचे इंजेक्शन तिच्यावर सोपवले गेले होते. मुलासाठी साडेबारा लाख आणि आईवडिलांसाठी पाच लाख रुपयांची भरपाई रुग्णालयावर बसली, कारण अशा व्यक्तीला वॉर्डात उभे करणारे रुग्णालयच होते. नुकसानभरपाईच्या कायद्यात दोष असा वर चढतो. फौजदारी कायद्यात मात्र तो खाली उतरतो. ९ जानेवारी २०२१ च्या रात्री भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात अतिदक्षता कक्षाला आग लागून दहा बाळे दगावली. अधिकाऱ्यांवर निलंबनाची कारवाई झाली, पण सदोष मनुष्यवधाचा गुन्हा नोंदवला गेला तो दोन परिचारिकांवर. त्याच वर्षी नोव्हेंबरात अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात कोविड अतिदक्षता विभागातील आगीने अकरा जणांचा बळी घेतला, तेव्हा अटक झालेल्या चौघांत एक वैद्यकीय अधिकारी आणि तीन परिचारिका होत्या. त्या निर्दोष होत्या की नाहीत हे ठरवणे न्यायालयाचे काम आहे आणि मी त्यात पडत नाही. पण वीजजोडणी, अग्निरोधक यंत्रणा आणि पाळीतली माणसे यांपैकी एकाही गोष्टीचा निर्णय परिचारिका घेत नाही. २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालाने डॉक्टरांसाठी घालून दिलेली पथ्ये, म्हणजे आधी स्वतंत्र तज्ज्ञाचे मत घ्या, सरधोपट अटक करू नका, ही आगीच्या प्रकरणाला लागू होत नाहीत हे मान्य. तरी त्या सावधपणाचा थोडासा अंशही परिचारिकांच्या वाट्याला आला नाही.

यावर सरळ आक्षेप असा की, जीव गेला असताना ‘व्यवस्था दोषी’ म्हणणे म्हणजे कोणीच दोषी नाही म्हणणे. आक्षेप हलका नाही. चुकीची बाटली हातात घेणारी आणि नाव न वाचता टोचणारी परिचारिका जबाबदार असतेच. प्रश्न तिला जाब कोणी आणि कसा विचारायचा हा आहे. ब्रिटनमध्ये २०१६ पासून परिचारिकेला दर तीन वर्षांनी आपली नोंदणी नव्याने सिद्ध करावी लागते: ४५० तासांचे प्रत्यक्ष काम, ३५ तासांचे शिक्षण, आपल्याच कामावर लिहिलेली पाच टिपणे. तक्रार आली तर सुनावणी होते, बहुधा खुली, आणि निकाल कोणालाही वाचता येतो. हा जाब आपल्यापेक्षा कडक आहे, सौम्य नव्हे. तो व्यवसायाच्या आत विचारला जातो आणि पोलीस ठाण्यापर्यंत क्वचितच जातो. उलट टोकाचे उदाहरण अमेरिकेतील टेनेसीचे. तिथे चुकीचे औषध दिल्याबद्दल एका परिचारिकेला २०२२ मध्ये फौजदारी दोषी ठरवले गेले. तिने स्वतःच चूक कबूल केली होती. त्यानंतर तिथल्या परिचारिका संघटनांनी वर्तवलेली भीती साधी होती: यापुढे चूक कबूल कोण करेल? कबुली थांबली की पुढच्या रुग्णाच्या बाबतीत तीच चूक पुन्हा घडायला मोकळी.

दुसरा आक्षेप लहान रुग्णालयांचा. प्रमाण बंधनकारक केले तर तालुक्यातली वीस खाटांची रुग्णालये बंद पडतील, असे म्हणतात. कॅलिफोर्नियात २००४ पासून प्रमाण कायद्याने ठरले आहे आणि दोन दशकांनंतरही तो कायदा जागेवर आहे. पण तिथल्या पैशाची तुलना आपल्या तालुक्याशी करणे फसवे, म्हणून त्यावर मी भर देत नाही. अधिक उपयोगी उदाहरण आपल्याच घरचे आहे. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर केंद्राने नेमलेल्या समितीने खाजगी परिचारिकांच्या पगारासाठी खाटांनुसार पायऱ्या आखल्या: २०० हून अधिक खाटांना सरकारी वेतनाइतके, १०० च्या वर असल्यास फार तर १० टक्के कमी, ५० ते १०० ला फार तर २५ टक्के कमी, आणि ५० च्या आत किमान २०,००० रुपये. म्हणजे लहानमोठ्यांना एकाच मापाने न मोजता किमान रेषा आखता येते. आरोग्य हा राज्यांचा विषय असल्याने ही शिफारसच राहिली. केरळने २०१८ मध्ये, परिचारिकांच्या आंदोलनांनंतर, किमान वेतनाची अधिसूचना काढली. प्रमाणाचा आकडाही याच पायऱ्यांवर बसवता येईल. ज्या रुग्णालयाला एवढेही झेपत नाही, ते स्वस्त चालते ते परिचारिकेच्या जिवावर आणि पुढे रुग्णाच्या.

ऑगस्ट २०२३ मध्ये संमत झालेला राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोग कायदा हे सगळे मार्गी लावेल, अशी आशा अनेक जण धरून आहेत. १९४७ ची परिषद जाऊन २९ सदस्यांचा आयोग, अध्यक्ष किमान वीस वर्षांचा अनुभव असलेली व्यक्ती, शिक्षण, मूल्यांकन आणि आचारसंहिता-नोंदणी यांची तीन मंडळे, राज्यांत स्वतंत्र आयोग, आणि नोंदणीशिवाय काम करणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड. स्प्रिंग मेडोजसारख्या प्रकरणांसाठी ही शेवटची तरतूद चांगलीच आहे. पण पुन्हा सारा भर दारावर: आत कोणी यावे, कोणी येऊ नये. आत आल्यावरचे प्रश्न नियमांवर सोडले आहेत, आणि नियम बहुधा शिक्षणसंस्थांना डोळ्यांपुढे ठेवून लिहिले जातात.

अधिकाराच्या प्रश्नावर डॉक्टर संघटनांची नाराजी असते. परिचारिकेला निर्णय दिले तर उपचारांचा दर्जा ढासळेल, असे त्यांना वाटते. पण शासनाने हे स्वतःच केले आहे. २०१८ च्या प्रसूतिविद्या सेवांच्या मार्गदर्शक सूचनांनी सामान्य बाळंतपणे प्रशिक्षित परिचारिकांच्या हाती सोपवायचे ठरवले, आणि आरोग्यवर्धिनी केंद्रांत समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून परिचारिकाही बसतात. कामाची मुभा दिली गेली, मग कायद्याचे पाठबळ का मागे राहिले? न्यायालयाने एकदा तरी ते वेगळ्या रूपात दिले आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयात हल्ल्यानंतर वर्षानुवर्षे अचेत पडून असलेल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्याविषयीच्या २०११ च्या दयामरणाच्या निकालात, त्यांच्या वतीने बोलण्याचा हक्क कोणाचा हा प्रश्न आला, तेव्हा पुस्तक लिहिणाऱ्या याचिकाकर्त्या पत्रकाराऐवजी न्यायालयाने तो मान दशकांमागून दशके त्यांना सांभाळणाऱ्या रुग्णालयाच्या कर्मचाऱ्यांना दिला. त्यांत परिचारिका सर्वांत पुढे होत्या. खाटेपाशी कोण उभे असते, हे न्यायालयाने पुरावा म्हणून मोजले.

कलम १०६ मधली दोन वर्षांची सवलत मुळातच अन्याय्य आहे, ती डॉक्टरांनाही नको, असे म्हणणारेही आहेत, आणि त्यांच्याशी माझा फार वाद नाही. ती काढायची असेल तर दोघांची काढा. ठेवायची असेल तर त्या स्पष्टीकरणात एकच वाक्यांश वाढवावा लागेल: २०२३ च्या परिचर्या आयोग कायद्याखालील नोंदवहीत नाव असलेली व्यक्ती.