आधी विचारा, मग हात लावा

वॉरन स्ट्रीट स्टेशनवर नॉर्दर्न लाइनची गाडी आली की डब्यात शिरण्याआधी पाटी वाचायची : हाय बार्नेट की एजवेअर? कॅम्डन टाउनला या लाइनला दोन फाटे फुटतात. एकावर आर्चवे, म्हणजे व्हिटिंग्टन हॉस्पिटल. दुसऱ्यावर बेल्साइझ पार्क, म्हणजे रॉयल फ्री. आमच्या ओळखीतली एक मुलगी युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनला, म्हणजे यूसीएलला, डॉक्टरकी शिकते. पहिल्याच वॉर्डच्या दिवशी ती पेंगता पेंगता चुकीच्या फाट्यावर गेली आणि राउंड संपल्यावर पोचली. आई-वडील दोघंही मुंबईत शिकलेले डॉक्टर. ते म्हणाले, आमच्या वेळी हॉस्टेलमधून उठून चपला सरकवल्या की वॉर्ड!

आपल्याकडे ‘मेडिकलला आहे’ म्हटलं की एक आवार डोळ्यांपुढे येतं. परळला जीएस आणि केईएम, पुण्याला बीजे आणि ससून. कॉलेज, मेस, पेशंट, सगळं हाकेच्या अंतरावर. लंडनच्या पोराचं कॉलेज शहरभर सांडलेलं असतं. यूसीएलचा अभ्यासक्रम सहा वर्षांचा. पहिली दोन वर्षं ब्लूम्सबरीत मूळ शास्त्रं, तिसऱ्या वर्षी एखाद्या विषयाची वेगळी बीएस्सी, आणि मग तीन वर्षं हॉस्पिटलं. गॉवर स्ट्रीटवर क्रुसिफॉर्म नावाची लाल, क्रुसाच्या आकाराची इमारत आहे. 1906 साली ती हॉस्पिटल म्हणून उघडली. आज तिथं वैद्यकाची पोरं पुस्तकं उघडून, हेडफोन लावून बसतात. पहिल्या वर्षी राहायला ‘हॉल’ मिळतो. पुढे चार-पाच जणांनी मिळून घर भाड्यानं घ्यायचं आणि फ्रिजमध्ये आपल्या दुधाच्या बाटलीवर आपलं नाव लिहायचं.

पांढरा कोट मात्र विसरा. 2007 साली आरोग्य खात्यानं जंतुसंसर्ग टाळण्यासाठी ‘कोपराखाली उघडे हात’ ही पद्धत आणली. बाह्या वर, घड्याळ खिशात, बांगडी नाही. साधी अंगठी तेवढी चालते. राखीपौर्णिमेला बांधलेली राखीसुद्धा वॉर्डाच्या दाराशी सोडावी लागते. (आईला हे फोनवर सांगायचं की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न.)

पण खरा फरक खाटेजवळ कळतो. केईएमच्या गर्दीत एका पोटावर दहा हात पडून जातात, कुणी विचारत नाही आणि पेशंटही बोलत नाही. लंडनला विद्यार्थ्यानं आधी नाव सांगायचं, मी विद्यार्थी आहे हे सांगायचं, आणि तपासू का म्हणून विचारायचं. समोरची आजी चहाचा कप खाली न ठेवता ‘आज नको, बाळ’ म्हणाली, तर थँक्यू म्हणून पुढच्या खाटेकडे वळायचं. नाव सांगण्याची गोष्ट क्षुल्लक वाटते. पण केट ग्रेंजर या डॉक्टरबाई स्वतः कॅन्सरच्या पेशंट झाल्या आणि आपल्याला तपासणारे कित्येक जण नावही सांगत नाहीत, हे त्यांच्या लक्षात आलं. 2013 मध्ये त्यांनी ‘हॅलो, माय नेम इज...’ ही मोहीम सुरू केली. 2016 मध्ये त्या गेल्या. मोहीम अजून चालू आहे.

परीक्षेतही हेच. ‘ऑस्की’ नावाची परीक्षा 1975 मध्ये डंडीच्या रोनाल्ड हार्डन यांनी मांडली. घंटा वाजली की पुढच्या टेबलावर जायचं. तिथं बऱ्याचदा पेशंट म्हणून नट बसलेला असतो. हात धुतले का, परवानगी घेतली का, ‘तुम्हाला कशाची काळजी वाटतेय’ असं विचारलं का, यालाही गुण. आपल्याकडचे हुशार विद्यार्थी याला नाटक म्हणतात. मला ते पटत नाही. रोज वठवलेलं सौजन्य कधीतरी अंगवळणी पडतं.

परवानगीचा हा धडा एका मराठी विद्यार्थिनीनं लंडनला जाण्याआधीच, फार महागात गिरवला होता. रखमाबाई. अकराव्या वर्षी लग्न लागलं, पुढे तिनं नांदायला नकार दिला, आणि 1884 मध्ये नवऱ्यानं मुंबई हायकोर्टात दावा ठोकला. 1887 मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी सांगितलं : नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. ती म्हणाली, तुरुंग. 1888 मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली, आणि 1889 मध्ये ती ‘लंडन स्कूल ऑफ मेडिसिन फॉर विमेन’मध्ये दाखल झाली. ती तिथं शिकत असतानाच, 1891 मध्ये, इकडे संमतिवयाचा कायदा झाला.

तिच्यामागे उभ्या होत्या मुंबईच्या कामा हॉस्पिटलच्या डॉ. एडिथ पीची. पीचीबाईंनी स्वतः भरपूर भोगलं होतं. 1870 च्या नोव्हेंबरात एडिंबरात शरीरशास्त्राच्या परीक्षेला निघालेल्या मुलींवर जमावानं चिखल फेकला, आणि परीक्षेच्या खोलीत एक मेंढी सोडली. राहू द्या, सोडणाऱ्यांपेक्षा तिला अक्कल जास्त आहे, असं शिक्षक म्हणाल्याचं त्या मुलींपैकीच एक, सोफिया जेक्स-ब्लेक यांनी नोंदवून ठेवलं आहे. पीचीबाई आणि त्यांच्या सोबतिणी अशा त्या सात जणींना एडिंबरानं मरणोत्तर पदवी दिली ती 2019 मध्ये!

जेक्स-ब्लेक यांनीच 1874 मध्ये लंडनची ही शाळा काढली. पण मुलींना पेशंट बघू देणारं हॉस्पिटल मिळेना. 1877 मध्ये रॉयल फ्रीनं दार उघडलं, म्हणून रखमाबाईंना खाटा मिळाल्या. लंडनच्या रॉयल कॉलेजांची परीक्षा बायकांना तेव्हा बंदच होती. त्यामुळे शिकायचं लंडनला आणि परवाना स्कॉटलंडचा, असं करून 1894 मध्ये त्या डॉक्टर झाल्या. मग सुरत, राजकोट आणि उरलेला सगळा जन्म.

ती शाळा पुढे रॉयल फ्रीचं मेडिकल कॉलेज झाली आणि 1998 मध्ये यूसीएलमध्ये मिसळली. म्हणजे बेल्साइझ पार्कला उतरणारी आमची ती मुलगी रखमाबाईंच्याच कॉलेजात जाते. तिला हे मी सांगितलं तेव्हा ती म्हणाली, ‘काका, मग त्यांना ट्यूब बदलावी लागत नसेल ना?’ नसेल. रॉयल फ्री तेव्हा ग्रेज इन रोडला होतं, शाळेपासून चालत जाण्याजोगं.

तिच्या आई-वडिलांची पिढी ब्रिटनमध्ये वेगळ्या वाटेनं आली. 1975 मध्ये ब्रिटननं भारतीय पदव्यांची सरसकट मान्यता काढून घेतली. तेव्हापासून भारतातून एमबीबीएस करायचं, परीक्षा द्यायची (पुढे तिलाच ‘प्लॅब’ म्हणू लागले) आणि मग नोकरीच्या चिठ्ठीची वाट पाहायची. त्यांची मुलं आता ब्रिटनमध्येच पहिल्या वर्षाला बसतात. तिथल्या मुलांना 2025-26 साली वर्षाची फी 9,535 पौंड होती. भारतातून थेट येणाऱ्याला कित्येक पट, आणि जागाही मोजक्या. कर्ज काढून पाठवण्याआधी हा हिशेब दोनदा मांडा, असंच मी सांगेन.

तरीही ठरलंच, तर वैद्यकाचे अर्ज जास्तीत जास्त चारच कॉलेजांना करता येतात. ‘यूकॅट’ ही प्रवेशपरीक्षा जुलै ते सप्टेंबरात होते, आणि अर्जाची शेवटची तारीख 15 ऑक्टोबर. दिवाळी अंक हातात पडेपर्यंत ती बहुतेकदा उलटून गेलेली असते. घरात अकरावीचं पोर असेल, तर पुढच्या वर्षीच्या कालनिर्णयवर आत्ताच खूण करून ठेवा.