पत्ते तेच, चाल निराळी

कनॉट प्लेसपासून इंडिया गेटच्या दिशेने जाणारा कस्तुरबा गांधी मार्ग, म्हणजे पूर्वीचा कर्झन रोड, हा दिल्लीतील कचेऱ्यांचा रस्ता होय. नवे महाराष्ट्र सदनही 2013 पासून ह्याच मार्गावर उभे असल्याने येथे मराठी माणसांची सतत ये-जा असते. बदली होऊन दिल्लीस आलेल्या मराठी माणसाला पहिल्याच दिवाळीत एक गोष्ट हमखास जाणवते. सुट्टीतील मेंढीकोट, बदाम सात आणि फार तर पैशापैशाची रमी एवढीच ज्याची पत्त्यांशी ओळख, त्याला सणाच्या आधीचे आठ-दहा दिवस तीन पत्तीच्या बैठकींची आमंत्रणे येऊ लागतात. बलिप्रतिपदेला द्यूतप्रतिपदा असेही नाव आहे. महाराष्ट्रात ते नाव बहुतांशी पंचांगापुरते उरले. दिल्लीत ते बैठकीच्या चादरीवर दिसते.

अशा बैठकीत पत्ते वाटण्यापूर्वी एक प्रश्न विचारला जातो : चालीला मर्यादा किती? नवख्याला हा प्रश्न किरकोळ वाटतो. वास्तविक त्या रात्री कोणाचा खिसा किती हलका होणार, हे हाती येणाऱ्या पत्त्यांपेक्षा ह्या प्रश्नाच्या उत्तरावर अधिक अवलंबून असते.

52 पत्त्यांतून तीन पत्ते 22,100 प्रकारे येऊ शकतात. त्यांपैकी 16,440 प्रकारांत, म्हणजे चारांतून जवळजवळ तीन वेळा, हाती साधी जोडीही नसते. हे गणित दहा रुपयांच्या खेळात जेवढे खरे, तेवढेच दहा हजारांच्या खेळात. बदलतो तो पैसे लावण्याचा नियम. पत्ते न पाहता खेळणारा चालू रकमेइतकी किंवा तिच्या दुप्पट चाल करू शकतो. पत्ते पाहिलेल्यास दुप्पट ते चौपट रक्कम लावावी लागते. एखाद्याची चाल दहा रुपयांपासून प्रत्येक फेरीत दुप्पट होत गेली, तर सहा चालींत त्याचे 630 रुपये जातात. चाल दहावरच थांबवली असती तर 60 गेले असते.

सरासरीभोवतीच्या अशा चढउताराच्या मापाला संख्याशास्त्रात प्रचरण म्हणतात व त्याच्या वर्गमूळाला प्रमाण विचलन. नाणेफेकीवर दहा-दहा रुपये शंभर वेळा लावले काय किंवा एकदाच हजार रुपये लावले काय, पणाला लागलेली एकूण रक्कम हजारच आणि सरासरी लाभ शून्यच. मात्र पहिल्या प्रकारात प्रमाण विचलन 100 रुपये येते, तर दुसऱ्यात 1,000.

पणजीला मांडवी नदीतील तरंगत्या कॅसिनोंमुळे आपल्याकडे परिचित झालेल्या पोकरमध्ये ह्या नियमांनाच खेळाचे अंग मानले जाते. तेथे तीन पद्धती आहेत. ‘लिमिट’मध्ये प्रत्येक फेरीची रक्कम ठरलेली असते, ‘पॉट लिमिट’मध्ये पॉटात, म्हणजे मधल्या ढिगात, जेवढे जमले असेल तेवढ्यापर्यंत लावता येते, ‘नो लिमिट’मध्ये समोरचे सर्वच्या सर्व एका क्षणी पुढे सरकवता येते. समजा दोघे उरले आहेत, पॉटात 30 रुपये आहेत आणि तीन फेऱ्या बाकी आहेत. दहा-वीसच्या लिमिटमध्ये प्रत्येक फेरीत एकदाच पैसे लावले गेले, तर प्रत्येकाचे 10, 20 व 20 असे 50 रुपये जातील. पॉट लिमिटमध्ये तेवढ्याच वेळा पूर्ण मर्यादेने लावल्यास 30, 90 व 270, म्हणजे 390.

खेळाचा प्रकारही ह्यात भर घालतो. ‘होल्डेम’मध्ये प्रत्येकाला दोन पत्ते मिळतात. एक्क्यांची जोडी राजांच्या जोडीविरुद्ध दर शंभरात सुमारे 80 वेळा जिंकते. ‘ओमाहा’मध्ये चार पत्ते मिळत असल्याने हात एकमेकांच्या जवळ येतात आणि चांगल्या हातालाही बऱ्याचदा 60-40 इतकीच आघाडी लाभते. हजार रुपयांच्या बाजीवर पहिल्या खेळाडूचा सरासरी लाभ 600 रुपये व प्रमाण विचलन 800. दुसऱ्याचा लाभ 200 व विचलन 980. सरासरी लाभ विचलनाच्या दुपटीइतका व्हावयास पहिल्याला सात-आठ डाव पुरतात. दुसऱ्याला शंभराच्या आसपास लागतात. तेवढे डाव खेळण्याइतके पैसे गाठीस उरतात का, हा वेगळाच प्रश्न. कॅसिनो पॉटातून आपला वाटा कापून घेतो, तो निराळाच.

रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने 1967 मध्ये म्हटले आणि तीन पत्त्यांच्या खेळांना त्यापासून वेगळे काढले. पुढे हाच भेद ऑनलाइन खेळांच्या समर्थनार्थ वर्षानुवर्षे पुढे केला गेला. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने संमत केलेल्या ऑनलाइन खेळविषयक कायद्याने मात्र पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांबाबत कौशल्य व नशीब हा भेद बाजूस ठेवला. अशा खेळांसाठी बँकांनी रक्कम वळती करू नये, अशीही तरतूद त्यात आहे. कौशल्य असलेल्याचेही पैसे प्रचरणापायी बुडू शकतात, हे ध्यानात घेता ही दृष्टी अनाठायी म्हणता येत नाही.

बँकांना हे गणित परके नाही. एकाच ऋणकोकडे किती रक्कम अडकू द्यावी, ह्यावर रिझर्व्ह बँकेने मर्यादा घातली आहे : सर्वसाधारणपणे बँकेच्या टियर-1 भांडवलाच्या 20 टक्के. ऋणको कितीही भरवशाचा असला तरी मर्यादा आहेच. तो भरवसा म्हणजेही शेवटी एक सरासरी.

दिल्लीतील जुन्या बैठकींत हे शहाणपण कायद्यावाचून टिकले आहे. जाणता यजमान चालीची आणि पॉटची अशा दोन्ही मर्यादा आरंभीच सांगून टाकतो. पॉट ठरल्या आकड्यास पोहोचला की उरलेल्या सर्वांनी पत्ते उघडावयाचे. रात्र चढू लागल्यावर ‘आता मर्यादा वाढवू या’ अशी सूचना येते, आणि ती बहुधा हरत असलेल्याकडूनच येते. त्या वेळी यजमान चहा मागवतो व पत्ते पिसावयास घेतो.