दुसऱ्या श्रेणीतून थेट विजेतेपदावर

बल्गेरियाच्या फुटबॉलमधली दुसरी श्रेणी 2010-11च्या हंगामात पूर्व आणि पश्चिम अशा दोन गटांत खेळली जात होती. पश्चिमेत बोतेव व्रात्सा पहिला आला, तर पूर्वेत लुडोगोरेत्स. देशाच्या ईशान्येकडल्या राझग्राद या छोट्या शहराचा हा संघ. 2010मध्ये उद्योजक किरिल दोमुस्चिएव्ह यांनी क्लब विकत घेतला आणि प्रशिक्षक इव्हायलो पेतेव्ह यांच्या हाताखाली वर्षभरातच संघाने बढती मिळवली.

खरी कमाल पुढे झाली. पहिल्या श्रेणीतल्या पदार्पणाच्या हंगामातली शेवटची लढत होती 23 मे 2012 रोजी, राझग्रादमध्येच. समोर दोन गुणांनी आघाडीवर असलेला बलाढ्य सीएसकेए सोफिया. लुडोगोरेत्सला विजयच हवा होता. तो 1-0 असा मिळाला आणि एका गुणाच्या फरकाने विजेतेपदही. आठवडाभर आधी लोकोमोतिव प्लोव्हदिव्हला 2-1ने हरवून त्यांनी बल्गेरियन चषकही जिंकला होता. ही कामगिरी युरोपीय फुटबॉलमध्ये फारच दुर्मीळ म्हणावी लागेल.

2014मध्ये रोमानियाच्या स्तेआवा बुखारेस्टविरुद्धच्या चॅम्पियन्स लीग पात्रता लढतीत लुडोगोरेत्सच्या गोलरक्षकाला लाल कार्ड मिळाल्यावर बचावपटू कॉझमिन मोत्सने गोलरक्षण केले. पेनल्टी शूटआउटमध्ये त्याने स्वतः पेनल्टी मारली, दोन अडवल्या आणि संघाला चॅम्पियन्स लीगमध्ये नेले. तिथे गाठ पडली रेआल माद्रिद आणि लिव्हरपूलशी.

2012 ते 2025 या काळात बल्गेरियाची सलग 14 विजेतेपदे लुडोगोरेत्सकडेच राहिली.