अर्धकोनाची सूत्रे: आधी वर्तुळ काढा, मग पाठ करा



अकरावीतली मुलं अर्धकोनाची सूत्रं घडाघडा म्हणतात, पण गणित सोडवताना अधिक घ्यायचं की उणे, इथे अडकतात. यासाठी लागणारं प्रमेय मात्र ती दहावीतच शिकलेली असतात.

१ एकक त्रिज्येचं वर्तुळ काढायला सांगा. केंद्र म, व्यास अब. वर्तुळावर प बिंदू असा घ्या की कोन पमब हा थीटा होईल. आता अप जोडा. अंतर्लिखित कोनाच्या प्रमेयानुसार कोन पअब थीटाच्या निम्मा. झाला आपला अर्धकोन! प मधून अब वर पन हा लंब टाका. पन म्हणजे साइन थीटा, मन म्हणजे कॉस थीटा. अम ही त्रिज्या, म्हणून अन = १ + कॉस थीटा. त्रिकोण पनअ मध्ये समोरची बाजू भागिले लगतची बाजू:

टॅन (थीटा/२) = साइन थीटा ÷ (१ + कॉस थीटा)

थीटा ३० अंश घ्या. टॅन १५ अंश = १/२ ÷ (१ + √३/२) = २ − √३, म्हणजे सुमारे ०.२६८. कोनमापकाने १५ अंशांचा कोन काढून बाजू मोजायला लावा, जवळपास हेच येतं.

ही युक्ती आपल्याकडे जुनीच आहे बरं का. अर्ध्या कोनाची ज्या काढायचा नियम वराहमिहिराच्या 'पंचसिद्धान्तिके'त आहे. ३० अंश तीनदा निम्मे केले की ३ अंश ४५ कला मिळतात. आर्यभटाच्या सारणीतल्या २४ ज्या याच अंतराने आहेत.

आता चिन्हाकडे वळू. समजा कॉस थीटा = −७/२५ आणि थीटा १८० ते २७० अंशांच्या दरम्यान आहे. साइन (थीटा/२) किती?

साइनचा वर्ग = (१ − कॉस थीटा) ÷ २ = १६/२५. वर्गमूळ ४/५. इथे बरीच मुलं "थीटा तिसऱ्या चरणात, म्हणून उणे" असं लिहून मोकळी होतात. पण विचारलाय अर्धा कोन! तो ९० ते १३५ अंशांत, म्हणजे दुसऱ्या चरणात. तिथे साइन धन, म्हणून उत्तर +४/५. कॉस (थीटा/२) मात्र −३/५.

ताळा वरच्या सूत्राने करा. साइन थीटा = −२४/२५, त्याला १८/२५ ने भागलं की −४/३. आणि ४/५ ला −३/५ ने भागलं तरी −४/३ च.